मफीबोशेथाला मेजावर जागा

शास्त्रपाठ : 2 शमुवेल, अध्याय 9



शौल राजा व त्याचा पुत्र योनाथान हे लढाईत पडल्याची बातमी आली, तेव्हा योनाथानाचा मुलगा पाच वर्षांचा होता. दाई त्याला उचलून जीव घेऊन पळाली. त्या घाईत तो तिच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी कायमचा लंगडा झाला (2 शमु. 4:4). पुढे तो लो-दबार गावी माखीर नावाच्या गृहस्थाच्या घरी राहिला. राजाचा नातू खरा, परंतु दुसऱ्याच्या आश्रयाला. जिवंत खरा, परंतु कोणाच्याही मोजणीत नाही. दावीद राजाने त्याला तेथून कसे आणविले व कोठे बसविले, ते ह्या अध्यायात सांगितले आहे.

आजच हा अध्याय निवडण्याचे कारण असे. हदगावच्या आसपास, पैनगंगा व कयाधू ह्या नद्यांकडील खेड्यांत, कापसाच्या व सोयाबीनच्या हंगामात घरची सारी माणसे शेतावर जातात. अशा वेळी एखाद्या घराच्या मागच्या खोलीत एक मूल राहून जाते. त्याची मान सावरत नाही, हातपाय ताठ आहेत, बोलणे उमटत नाही. एखाद्याला दृष्टी किंवा ऐकणेही कमी असते, एखाद्याला आकडी येते. कोठे कोठे त्याच्या पायास जुन्या लुगड्याची पट्टी बांधून ती बाजेच्या पायास अडकविलेली असते. आई निर्दय आहे म्हणून असे होत नाही. चूल, मजुरी आणि ते लेकरू ही तिन्ही ओझी एकट्या बाईने कशी पेलावी, हे तिला कोणी दाखविले नाही व कोणी तिच्या ओझ्यास हातही लाविला नाही, म्हणून असे होते. अशा मुलाच्या शिक्षणाविषयी विचारिले की उत्तर ठरलेले असते : 'आधी बरे होऊ द्या, मग शिकवू.' हे उत्तर आज आम्हांस ह्या अध्यायाच्या उजेडात तपासावयाचे आहे.

पहिली गोष्ट नावाची.

योनाथानाकरिता ज्यावर दया करावी असा शौलाच्या घराण्यातील कोणी उरला आहे काय, असे दावीद विचारितो. सीबा नावाचा चाकर उत्तर देतो की, योनाथानाचा एक मुलगा आहे, तो पायांनी लंगडा आहे. वाचकहो, येथे नीट लक्ष द्या. सीबाने पाय सांगितले, नाव सांगितले नाही. परंतु मुलगा समोर येताच राजाच्या मुखातून पहिला शब्द निघाला तो त्याचे नाव, मफीबोशेथ. आमच्या गावांत सीबाची रीत अजून चालते. 'लंगड्या', 'मुकी', 'येडं' ह्या हाकांखाली आईबापांनी ठेविलेले नाव बुडून जाते. बाप्तिस्म्याच्या वहीत जे नाव लिहिले ते शब्बाथशाळेच्या हजेरीत नसते. ज्याला नावाने हाक मारीत नाहीत त्याला शिकविण्याचे कोणाच्या मनात येत नाही. म्हणून शिक्षणाचा पहिला धडा त्या मुलाचा नव्हे, आमचा आहे : त्याच्याजवळ बसावे, त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आपले तोंड आणावे आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारावी.

दुसरी गोष्ट कारणाची.

मफीबोशेथ का लंगडा झाला, ह्याविषयी शास्त्र साधी हकीकत सांगते : तो पडला. बापाच्या पापाचा तेथे उल्लेख नाही. जन्मांधाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारिले की पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे. आणि प्रभूने तो प्रश्नच नाकारिला (योहान 9:1–3). तरी आमच्या गावी तो प्रश्न मरत नाही. कोणी म्हणतो करणी झाली, कोणी म्हणतो आईने ग्रहणात सुरी धरिली. आम्हांमध्येही जुन्या समजुतीला नवा पोशाख घालून काही लोक म्हणतात की आईबापांचा विश्वास कमी पडला. हे बोलणे त्या आईच्या जखमेवर मीठ चोळण्यासारखे आहे, आणि ते खरेही नाही.

वैद्यकशास्त्र काय सांगते ते उपदेशकांनी समजून घ्यावे. मूल मुदतीपूर्वी जन्मले, जन्मताच रडले नाही व मेंदूस प्राणवायू कमी पडला, जन्मानंतर कावीळ फार वाढली, किंवा मेंदूज्वर झाला, तर मेंदूच्या काही भागास इजा होते. हालचाल सांभाळणाऱ्या भागास अशी इजा झाल्यास त्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात. ही इजा वाढत जात नाही, परंतु नाहीशीही होत नाही. काही मुलांत कारण गर्भधारणेच्या वेळीच घडलेले असते. मामाभाचीचे किंवा मामेभावंडांचे लग्न झाल्यास काही आनुवंशिक दोषांचा संभव वाढतो. पुढील सोयरिकी ठरविताना हे सांगावे, झालेल्या लेकराच्या आईस टोचण्यासाठी नव्हे. आणि हेही लक्षात ठेवावे की, ज्याचे हातपाय व जीभ ताब्यात नाहीत त्याची बुद्धीही गेलीच असे नाही. ज्याची बुद्धी मंद आहे त्याचेही शिकणे थांबलेले नसते, ते सावकाश चालते इतकेच.

तिसरी गोष्ट मेजाची. आणि आजच्या बोधाचा गाभा हाच आहे.

'पाय बरे होऊ दे, मग माझ्या मेजावर ये,' असे दावीद म्हणाला नाही. अध्यायाचे शेवटचे वचन उघडून पाहा. मफीबोशेथ यरुशलेमेत राहिला, राजाच्या पंक्तीस नित्य जेवीत असे, आणि तो दोन्ही पायांनी लंगडाच होता, असे सांगून अध्याय संपतो. चमत्काराने पाय सुधारल्याची वार्ता तेथे नाही. मेज मिळाले ते लंगड्या पायांसह मिळाले.

आम्ही आरोग्याची प्रार्थना करू नये असे म्हणत नाही. प्रार्थना करा, आणि औषधही द्या. आकडीवर औषधे आहेत. ती डॉक्टरांस विचारल्यावाचून मध्येच थांबवू नयेत. आकडी आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा किंवा वहाण हुंगवू नये. ऐकण्याचे यंत्र, चष्मा, पायाचे पट्टे ह्यांचाही उपयोग करावा. परंतु शिक्षण हे आरोग्याच्या पाठीमागून येणारे नव्हे. पाऊस मागणारा शेतकरी नांगर आढ्याला टांगून बसत नाही. जी वर्षे आम्ही वाट पाहण्यात घालवितो त्यांत सांधे आखडतात. आणि त्याहून वाईट हे की, मूल खुणा करणे सोडून देते, कारण खुणेला उत्तर मिळत नाही हे ते शिकते. म्हणजे न शिकविलेले मूलही एक धडा शिकतेच : आपण कोणी नाही, हा. मफीबोशेथाने राजापुढे स्वतःस मेलेला कुत्रा म्हटले. लो-दबारातल्या वर्षांनी त्याला हेच शिकविले होते.

अशा मुलांपुढे मोठमोठ्या शाळांची दारेही फार दिवस बंद होती. 1900 साली, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड ह्यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढिली. केडगावास पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये अंध मुलींना आश्रय व शिक्षण मिळाले. ही कामे मोठी होती. परंतु ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याने कोणत्या दारी जावे? अंधांच्या शाळेत कानांवाचून अडते व बहिऱ्यांच्या शाळेत डोळ्यांवाचून अडते. एका उणिवेला दार उघडले, दोन उणिवा एकत्र आल्या की तेच दार लागले. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचीही हीच गत. मुंबईच्या डॉ. मिथू अलूर ह्यांच्या कन्येस येथे शाळा मिळेना, म्हणून त्यांनी तिला इंग्लंडात शिकविले, आणि परत येऊन 1972 साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी स्थापून शाळा सुरू केली. 1977 साली मुंबईतच हेलन केलर ह्यांच्या नावाने बहिऱ्या व अंध-बहिऱ्या मुलांसाठी संस्था निघाली. आज लातूरजवळ हरंगूळ येथे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी 'संवेदना' नावाचे केंद्र आहे. म्हणजे हे काम मुंबईपुरते राहिले नाही, आपल्या मराठवाड्यातही आले आहे.

डॉ. अलूर ह्यांची ती कन्या, मालिनी चिब, ह्यांनी एका करंगळीने अक्षरे टंकीत स्वतःचे चरित्र लिहिले. तथापि प्रत्येक मुलाकडून अशा पुस्तकाची अपेक्षा धरू नये. एखाद्या मुलास चमचा तोंडापर्यंत नेणे हीच पदवी आहे. एखाद्याने तहान लागल्याची खूण केली तर तोच त्याचा ग्रंथ आहे. ज्याचे माप त्याला.

आता शिकवावे कसे? यशया 28:9–10 वाचा. उन्मत्त याजक व संदेष्टे यशयाची थट्टा करितात की, हा आम्हांस दूध तुटलेल्या तान्ह्या बाळांसारखे तेच ते, थोडे थोडे शिकवितो. त्यांनी थट्टेने सांगितलेली ती रीत खरे पाहता आईची रीत आहे, आणि आमच्या मुलांना तीच लागते.

हेलन केलर ही एकोणीस महिन्यांची असता दुखण्याने आंधळी व बहिरी झाली. 3 मार्च 1887 रोजी अॅन सलिव्हन ही शिक्षिका तिच्या घरी आली. जी वस्तू हाती द्यावी तिचे नाव बोटांनी तिच्या तळहातावर लिहावे, असे ती रोज करी. मुलगी बोटांची नक्कल करी, परंतु अर्थ कळत नव्हता. 5 एप्रिल रोजी पंपाच्या पाण्याखाली एक हात धरिला असता दुसऱ्या हातावर पाण्याचे नाव उमटले, आणि तिला कळले की वस्तूंना नावे असतात. त्याआधीचा महिना फुकट गेला असे कोण म्हणेल? त्याच दिवसांनी तो दिवस आणिला.

हे काम घरी, शिक्षक आठवड्यातून एकदाच येत असला तरी, होऊ शकते. थोड्या गोष्टी सांगतो.

बसणे आधी. सदा उताणे पडलेल्या मुलास आढ्याखेरीज काय दिसणार? भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंस गोधडीच्या वळकट्या देऊन, पाय टेकतील असे त्याला बसवावे. खाऊ घालताना कधीही आडवे ठेवू नये व मान मागे टाकू नये. घास श्वासनलिकेत जातो व त्यातून फुप्फुसाचा आजार होतो.

मग खूण. रोज त्याच वेळी, त्याच जागी, तीच वस्तू हाती द्यावी. अंघोळीपूर्वी तांब्या, जेवणापूर्वी वाटी, बाहेर नेण्यापूर्वी टोपी. काही आठवड्यांनी वाटी हाती लागताच मूल तोंड उघडेल. तो त्याचा पहिला वाचनपाठ समजावा.

मग निवड. दोन वस्तू समोर धराव्यात, केळे आणि भाकर. विचारावे व थांबावे. मनात दहापर्यंत मोजावे. ज्याचे शरीर सावकाश चालते त्याचे उत्तरही सावकाश येते. आमची घाई त्याचे उत्तर खाऊन टाकिते. डोळे जिकडे वळतील ते त्याचे बोलणे समजून तीच वस्तू द्यावी.

मग कृती, शेवटाकडून. सदरा घालावयास शिकविताना सर्व आपण करावे आणि शेवटी तो पोटावर ओढणे तेवढे त्याच्याकडून करवावे. ते आले की त्याआधीची पायरी. अशाने प्रत्येक वेळी काम पुरे केल्याचा आनंद त्याच्या वाट्यास येतो. ज्याला दिसत नाही त्याचे मनगट धरून ओढू नये. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवून वस्तू दाखवावी. आणि एक वही असावी. आज काय केले, कोणती खूण दिसली, हे दोन ओळींत लिहावे. प्रगती इतकी हळू असते की वहीवाचून ती दिसत नाही, आणि न दिसल्यास आईचे मन खचते.

चौथी गोष्ट वाट्याची.

दावीदाने मफीबोशेथास केवळ अन्न दिले नाही. त्याच्या आजोबाची जमीन त्यास परत दिली. ती भीक नव्हती, हक्क होता. आपल्या देशाच्या कायद्यानेही हा हक्क लिहून दिला आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते; 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला, त्यात 21 प्रकार आहेत. सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, आणि अंध-बहिरेपणासह बहुविध दिव्यांगत्व हे त्यांत आहेत. ज्याचे दिव्यांगत्व निदान 40 टक्के प्रमाणित आहे अशा 6 ते 18 वर्षांच्या प्रत्येक मुलास, जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत, विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षणहक्काच्या कायद्यात 2012 साली दुरुस्ती होऊन, तीव्र व बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांस घरी शिक्षण घेण्याचा पर्यायही मिळाला. परंतु हा पर्याय पालकांचा आहे. मुलास मागच्या खोलीत ठेवण्याचे ते निमित्त होऊ नये, आणि कोणत्याही शाळेने तो बोट दाखवून पुढे करू नये. अंगणवाडीत व शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस येते. त्या दिवशी मूल घरी न ठेविता तेथे न्यावे. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र व ओळखपत्र करून घ्यावे. दुसरी पुष्कळ दारे त्या कागदाने उघडतात. 1999 च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली 'निरामय' नावाचा आरोग्यविमा आहे. त्यात 1 लाख रुपयांपर्यंत उपचाराचा खर्च मिळतो.

सीबाची पुढील कथाही विसरू नका. ज्याच्या हाती मफीबोशेथाची जमीन सोपविली त्यानेच राजापाशी चहाडी करून ती आपल्या नावे करून घेतली (2 शमु. 16). आमच्या मागे लेकराचे कोण पाहील, ही आईबापांची भीती खोटी नाही. म्हणून त्या न्यासाच्या कायद्यात अशी व्यवस्था आहे की, सेरेब्रल पाल्सी, आत्ममग्नता, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेली व्यक्ती 18 वर्षांची झाल्यावर तिच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालक नेमून घेता येतो. त्या पालकाने सहा महिन्यांच्या आत मिळकतीची यादी द्यावयाची व दरवर्षी हिशेब द्यावयाचा असतो. बांधावरची जमीन भावबंदांच्या तोंडी वचनावर सोडू नका.

आता मंडळीकडे वळतो. कफर्णहूमात पक्षघाती माणसास चौघांनी उचलून आणिले व दार गर्दीने अडलेले पाहून छप्पर उघडिले (मार्क 2). आईबाप दोघेच आहेत. बाजेला चार खूर असतात. उरलेले दोन खूर मंडळीने धरावयाचे. प्रत्येक मंडळीतील पंचांनी पुढील रविवारी वही काढून आपल्या घरांत असे कोणते मूल आहे ते नावाने लिहावे. मग चार माणसे नेमावी. एकाने प्रमाणपत्रासाठी हदगावास किंवा नांदेडास सोबत जावे, कारण बसभाड्याइतकेच कचेरीतील भय त्या बापास अडविते. एका बाईने हंगामात रोज दोन तास त्या मुलापाशी बसावे, म्हणजे ती पट्टी बाजेच्या पायापासून सुटेल. एकाने शाळेच्या गुरुजींस व तालुक्याच्या विशेष शिक्षकांस भेटून वहीतील नोंद दाखवावी. आणि चौथ्याने त्याला उचलून शब्बाथशाळेत आणावे. तेथे त्याला केवळ बसवू नका, काम द्या : घंटेची दोरी ओढणे, दानपेटी मांडीवर धरणे. मध्येच तो ओरडला तर उपदेश बुडत नाही. छप्पर फोडताना प्रभूच्या अंगावरही माती पडली असेल. त्याने तिकडे पाहिले नाही, चौघांचा विश्वास पाहिला.

उपदेशकांनो, आणखी एक गोष्ट तुमच्याशी. ज्याला प्रश्नोत्तरावली पाठ म्हणता येत नाही त्याला मंडळीच्या अंगांत कसे मोजावे, असे तुम्ही पुसता. मोशे आपणास जड जिभेचा म्हणत होता. देवाने त्याला टाकिले नाही, अहरोनाची जीभ जोडून दिली (निर्गम 4). अमुक वयाचा अमुक विधी कोणी केव्हा घ्यावा हे पाळक व पंच यांनी ठरवावे. परंतु ती परीक्षा केवळ जिभेची नसावी. प्रभूचे नाव घेताच ज्याचा चेहरा उजळतो त्याचे उत्तर आम्हांस वाचता आले नाही, तर कमीपणा वाचणाऱ्याचा आहे.

सारांश इतकाच. 'बरे झाल्यावर शिकवू' हे वाक्य आजपासून आपल्या घरांतून काढून टाका. आपल्यातील कोण पुरता बरा होऊन प्रभूच्या मेजावर बसला आहे? आम्ही सर्व आपापले लंगडे पाय मेजाखाली घेऊनच बसलो आहो. ज्या कृपेने आम्हांस जागा दिली ती शेजारच्या लेकराची जागा अडविण्याचा अधिकार देत नाही. उद्या सकाळी अंघोळीपूर्वी त्याच्या हाती तांब्या द्या, नावाने हाक मारा, आणि दहापर्यंत मोजा.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, जी लेकरे मागच्या खोलीत आहेत त्यांची नावे तुला ठाऊक आहेत, ती आम्हांसही शिकव. थकलेल्या आईला विसावा दे, आणि तो आमच्या हातांनी दे. तेच ते पुन्हा शिकविण्याचा धीर आम्हांस दे, जसा तू आम्हांविषयी धरितोस. तुझ्या मेजापाशी कोणाची जागा रिकामी राहू नये. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.